राखून ठेवलेली दाढ

वल्लरी कधी कुणाला परीक्षेची तारीख सांगत नसे.

याचं मूळ नागपूरला होतं. तिथल्या डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला तिचा हात थरथरला होता. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "घाबरलंय कोण, पेशंट की तुम्ही?" सगळे हसले. त्या खेपेला ती नापास झाली. वडिलांनी निकालाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली होती आणि त्या सकाळीच पेढे आणले होते. ते पेढे कुणी वाटले नाहीत, कुणी टाकलेही नाहीत. आठवडाभर ते फ्रिजमध्ये होते, आणि पाण्याची बाटली काढताना रोज तिच्या नजरेला पडत होते. सहा महिन्यांनी ती परत बसली, पास झाली आणि मगच तिने घरी सांगितलं की परीक्षा झाली.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा अशी एक-दोन मुलं दर वर्गात असायची. उत्तरपत्रिका देऊन झाल्यावरही बाईंच्या टेबलापाशी रेंगाळणारी, आपला पेपर गठ्ठ्यात नीट ठेवलाय ना ते बघणारी. मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मुलाकडे राहायला आले तेव्हा वल्लरी आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. पहिली ओळख तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत झाली. मशीनमध्ये नाणी टाकून झाल्यावर तिने दार दोनदा ओढून पाहिलं, जिन्यापर्यंत गेली आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढलं. मग मला बघून ओशाळं हसली. "मावशी, सवय आहे हो." एकतीस वर्षांची, बारीक अंगाची. बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघायच्या ऐवजी किंचित खाली, दातांकडे बघणारी.

ती लग्न होऊन २००१ साली आली. नवरा ऋषी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. नागपूरच्या डिग्रीवर इथे दाताला हात लावता येत नाही, म्हणून तीन वर्षं घरी बसून तिने लेखी परीक्षा दिल्या, आणि परदेशातून शिकून आलेल्यांसाठी असतो तसल्या दोन वर्षांच्या कोर्सला डेंटल स्कूलमध्ये प्रवेश मिळवला. तो कोर्स २००६च्या मे महिन्यात संपणार होता. पण कोर्स संपला की लायसन्स मिळतं असं नाही. त्यासाठी एक शेवटची परीक्षा असते, आणि ती जिवंत माणसाच्या तोंडात द्यावी लागते.

पेशंट आपला आपण न्यायचा. त्याच्या दाढेत कीड हवी, आणि ती नेमकी हवी. फार लहान असेल तर परीक्षक म्हणतात, याला काही करायची गरज नाही. फार खोल असेल तर म्हणतात, याला परीक्षेत हात लावू नका. कवच ओलांडून नुकती आत उतरलेली, नसेपासून लांब अशी कीड लागते. अशी दाढ मिळाली की विद्यार्थी ती जपून ठेवतात, तारीख येईपर्यंत.

तारखा दोन होत्या. एक मार्चच्या अठराला, एक मेच्या मध्यावर. कोर्सच्या प्रमुख बाईंनी वल्लरीला मे सुचवला. "तुझा हात चांगला आहे, पण तू घाबरतेस. दोन महिने आणखी सराव कर." हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि घरी येईपर्यंत त्याचीच भीती वाटायला लागली. उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या दवाखान्याने तिला नोकरी देऊ केली होती, पण एक जूनला लायसन्स हातात हवं होतं. मेच्या परीक्षेचा निकाल लागायला जून संपत येणार. आणि ऋषीच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू झालं होतं. त्याची नोकरी गेली की दोघांचा व्हिसा गेला. राहायचं तर तिच्या नोकरीच्या जोरावरच.

"यार वल्लरी," ऋषी म्हणायचा, "मार्च म्हण, नाहीतर मे म्हण, पण एक काहीतरी म्हण. ऑफिसमध्ये दिवसभर लिस्टची वाट बघायची आणि घरी आलो की तुझी."

"मार्चमध्ये नापास झाले तर?"

"तर मेमध्ये परत बस."

"आणि मेमध्ये?"

ऋषी रिमोट हातात घेऊन टीव्ही न लावता बसून राही.

ऑक्टोबरात पुरुषोत्तम काका दात साफ करून घ्यायला तिच्या स्कूलच्या क्लिनिकमध्ये गेले. काका त्रेसष्ट वर्षांचे. तीस वर्षं मिशिगनमध्ये काढलेले, नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी जोडप्याला स्वतःहून विमानतळावर घ्यायला जाणारे. ऋषी-वल्लरीलाही त्यांनीच आणलं होतं. खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "बघ बाई, माझ्या तोंडात आता जीभ तेवढी ओरिजिनल आहे." वल्लरीने एक्स-रे काढला. उजवीकडच्या वरच्या दाढेत, शेजारच्या दाताला टेकते तिथे, एक छोटी काळी सावली होती. पुस्तकातल्या आकृतीसारखी. तिने तो एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि पट्टी लावून ती सावली मोजली, मग पुन्हा मोजली.

"काका, ही एक दाढ किडलीय. ती मी करीन हं. मार्चमध्ये."

"मार्चमध्ये? आत्ता काय झालं?"

तिथे तिने सांगायला हवं होतं. परीक्षा आहे, तुमची दाढ मला हवी आहे, तोवर तिला कुणाला हात लावू देऊ नका. तीन वाक्यं. पण तारीख सांगायची म्हटलं की तिला फ्रिजमधले पेढे दिसायचे. काकांना सांगितलं म्हणजे लताकाकूंना कळणार, काकूंना कळलं म्हणजे मराठी मंडळात कळणार, आणि मग निकालाच्या दिवशी सगळ्यांचे फोन. ती म्हणाली, "तेव्हा मला जरा वेळ असतो. घाई नाही तशी. पुढे सांगीन मी."

मग जानेवारीत तिने मार्चचा फॉर्म भरला. ती मला नंतर म्हणाली, की धीर झाला म्हणून नाही, मेपर्यंत काकांची दाढ खोल गेली तर, या भीतीने भरला. एका भीतीने दुसरीला मागे सारलं, इतकंच.

काका पुतण्याच्या लग्नाला पुण्याला निघाले तेव्हा वल्लरीने त्यांना फोन केला. गोड जपून खा, चिक्की नको, दुखलं तर कळवा. पुण्यालाही दोनदा फोन केला. काका काकूंना म्हणाले, "या पोरीला माझ्या दाढेची माझ्यापेक्षा जास्त काळजी." दाढ दुखायला लागेल, काका आजारी पडतील, विमान चुकेल, बर्फाचं वादळ येईल, सगळ्याची भीती तिने मनात घेतली होती. जे झालं ते मात्र तिच्या यादीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काका परतले आणि त्यांनी ऋषी-वल्लरीला आणि मला जेवायला बोलावलं. बाकरवडीचा पुडा फोडता फोडता ते वल्लरीला म्हणाले, "इकडे ये, तुला एक गंमत दाखवतो." आणि दिव्याखाली उभं राहून त्यांनी आ केला.

दाढ भरलेली होती. पांढरीशुभ्र.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रिकामाच होतो. आमच्या गल्लीतच आहे एक जण, वीस मिनिटांत काम! म्हटलं पोरीचं शेवटचं वर्ष, तिच्या डोक्याला कशाला आपल्या दाढेचा ताप?"

"मी म्हणत होते यांना," लताकाकू म्हणाल्या, "तिने करीन म्हटलंय, निदान विचारा तरी."

"अगं, विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती. भिडस्त आहे. काय डॉक्टर, कसं केलंय?"

वल्लरीने मान वाकडी करून नीट पाहिलं. "छान केलंय, काका," ती म्हणाली. मग बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ वाहत होता. जेवताना तिने आमटी दोनदा वाढून घेतली आणि एकदाही तोंडाला लावली नाही.

परत येताना पार्किंगमध्ये बर्फावरून आम्ही एकमेकींचा हात धरून चालत होतो. तिचा हात हातमोज्यातूनही गार लागत होता. अर्ध्या वाटेत ती थांबली. "मावशी, ती माझी परीक्षा होती."

तेव्हा कुठे मला तारीख कळली. पाच आठवडे राहिले होते. नाव मेपर्यंत ढकलायचं असेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ऋषी पुढे चालत होता, तो वळला. "म्हणजे तू काकांना सांगितलंच नव्हतंस?"

"नाही."

"चार महिने?"

ऋषी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत राहिला, काच स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

इथल्या आपल्या माणसांची एक रीत आहे. भारतात गेलं की दात करून यायचे. चष्मा, ब्लाउज, दात. ही रीत वल्लरीला माहीत नव्हती थोडीच! पण ती आपल्यावर येईल असं तिच्या मनात आलं नव्हतं. आता त्या आठवड्यात ती ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत हिंडली. क्लिनिकमधल्या चांगल्या दाढा वर्गातल्या मुलांनी केव्हाच धरून ठेवलेल्या. ओळखीतल्या सगळ्यांच्या पुण्याला, मुंबईला, नागपूरला भरलेल्या.

त्या शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. रथसप्तमी केव्हाच होऊन गेली होती, पण नोव्हायमध्ये हळदीकुंकू हॉल मिळेल त्या शनिवारी होतं. पोळ्यांचे डबे घेऊन नीलाताई आल्या होत्या. नीलाताई पन्नाशीच्या. नवरा एका हॉटेलात स्वयंपाकी, ह्या घरून पोळ्या करून देतात. निम्मं नोव्हाय त्यांच्या पोळ्यांवर जेवतं. कुणीतरी त्यांना तिळाची वडी दिली. नीलाताईंनी ती चहात बुडवली, मऊ होऊ दिली आणि तोंडाच्या डाव्या बाजूला ठेवली.

वल्लरी माझ्या शेजारी बसली होती. तिचा चहाचा कप हवेतच राहिला.

"नीलाताई, तुम्ही भारतात कधी गेला होता?"

"सत्त्याण्णवला आले, ती आलेच," नीलाताई म्हणाल्या. "यांचे कागद वकिलाकडे आहेत. गेलं तर परत येऊ देतील की नाही, कुणी सांगत नाही. आई गेली तेव्हासुद्धा…" त्यांनी पदराने ओठ टिपले. "का गं?"

कोट टांगले होते त्या बोळात वल्लरी त्यांना घेऊन गेली. मी दारात होते, त्यामुळे ऐकू आलं. ती म्हणाली, "नीलाताई, माझी परीक्षा आहे. मार्चच्या अठरा तारखेला." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच सांगितलं. नागपूरचा हात, काकांची दाढ, ऋषीची लिस्ट. नीलाताई एका हाताने कुणाच्या तरी कोटाची बाही धरून ऐकत होत्या.

सोमवारी स्कूलमध्ये एक्स-रे निघाला. उजवीकडची खालची दाढ. मापात होती, पण काकांच्या दाढेपेक्षा किंचित पुढे गेलेली. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, मार्चला चालेल, मेपर्यंत थांबणार नाही.

वल्लरीने ते जसंच्या तसं नीलाताईंना सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर मी आजच भरून देते. परीक्षा पुढे ढकलते. दाढ तुमची आहे."

नीलाताईंचं लक्ष हातातल्या संमतीच्या फॉर्मवर होतं. "ही सही कुठे जाते?"

"परीक्षा घेणाऱ्यांकडे."

"तिथून इमिग्रेशनला?"

"नाही."

"तुला नक्की माहीत आहे?"

वल्लरीला हो म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "नाही. विचारून सांगते." आणि दोन दिवस फोन करून, कोर्सच्या प्रमुख बाईंना विचारून, परीक्षा घेणाऱ्या मंडळाला विचारून तिने उत्तर आणलं. कागद त्यांच्याकडेच राहतात, बाहेर कुणाला देत नाहीत.

"नऊ वर्षं झाली," नीलाताई म्हणाल्या, "जिथे टेबलामागे माणूस बसून नाव विचारतो तिथे मी जात नाही. लायब्ररीचं कार्डसुद्धा नाही काढलं. आणि तू मला परीक्षेला नेतेस."

"उद्यापर्यंत सांगा. परवा शुक्रवार आहे."

गुरुवारी सकाळपासून वल्लरी फोन हातात घेऊन बसली होती. माझ्याकडे येऊन बसली, कारण वर एकटीला बसवेना. अकरा वाजता तिने मला विचारलं, "मावशी, मी त्यांना फसवत तर नाही ना?" मी म्हटलं, फसवणारा माणूस दोन दिवस फोन करत नाही. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. चारला फोन वाजला.

"किती वाजता निघायचं?" नीलाताई विचारत होत्या. "आणि हे बघ, परत घरी आणून सोडायचं. तिथून मला एकटीने यायला सांगायचं नाही."

त्या संध्याकाळी वल्लरी काकांकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. काकांनी आपला गाल चाचपला. "मी तुझी परीक्षा भरून आलो की गं." आणि थोड्या वेळाने, "अठराला गाडी माझी."

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने नागपूरला फोन लावला. वडिलांना तारीख सांगितली. ते म्हणाले, "बरं. या वेळी पेढे आणत नाही."

अठराच्या सकाळी काकांनी दोघींना दीड तास आधी पोचवलं. परीक्षेला बसवायच्या आधी पेशंटचा रक्तदाब घेतात. एका मर्यादेच्या वर असेल तर परत पाठवतात. नीलाताईंचा वर होता. रक्तदाब घेणारी बाई म्हणाली, वीस मिनिटांनी परत बघू, तेव्हाही असाच आला तर नाही. वल्लरी भिंतीला टेकून उभी राहिली. नीलाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पर्स पोटाशी धरून, नजर दारावर.

काका त्यांच्या शेजारी येऊन बसले. "नीलाताई, एक विचारू? आमच्या हिच्या पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात. तुमच्या संध्याकाळी पण मऊ. कणकेत काय घालता?"

"काही घालत नाही."

"सोडा घालत असाल."

"सोडा?" नीलाताईंनी पहिल्यांदा दारावरची नजर काढली. "पोळीत सोडा? कुणी सांगितलं तुम्हाला? कणीक सैल भिजवायची आणि अर्धा तास झाकून ठेवायची. तुमच्याकडे भिजवली की लगेच लाटतात, मी बघितलंय. आणि तेल आधी ओततात!"

"मी ओततो. आधी."

"मग काय होणार दुसरं," नीलाताई म्हणाल्या, आणि तेल कधी, किती, कुठल्या हाताने, हे सांगत राहिल्या. बाईने परत पट्टा बांधला तेव्हा त्या दुसऱ्या हाताने काकांना घडी कशी घालायची ते दाखवत होत्या. आकडा खाली आला होता.

या परीक्षेचा एक नियम आहे. परीक्षक आणि विद्यार्थी एकमेकांना दिसत नाहीत. दाढ आधी दाखवायची असते, कोरल्यावर दाखवायची असते, भरल्यावर दाखवायची असते, आणि दर वेळी पेशंटला पडद्यापलीकडे एकट्यानेच जावं लागतं. गळ्यात कागदी रुमाल, त्यावर नंबर. वल्लरीने हे नीलाताईंना आधी दोन-तीनदा सांगितलं होतं. पण प्रत्यक्ष बोलवायला माणूस आला तेव्हा नीलाताईंनी तिच्याकडे जे पाहिलं, ते ती अजून विसरलेली नाही. मग त्या उठल्या, पर्स काकांकडे पाठवायला सांगितली, आणि एका अनोळखी माणसामागून पडद्याआड गेल्या.

वल्लरी रिकाम्या खुर्चीजवळ उभी राहिली. तीस मिनिटं झाली. शेजारचे पेशंट परत आले. तिने हत्यारं रांगेत लावली, परत लावली. तिच्या डोक्यात लायसन्स नव्हतं, ती मला म्हणाली. एवढंच होतं, की आत कुणी काही विचारलं आणि या बाईला काही झालं, तर मी तिच्या घरी जाऊन काय सांगू. चाळीसाव्या मिनिटाला पडदा हलला. नीलाताई आल्या. चेहरा पांढरा पडलेला, रुमाल घट्ट धरलेला.

"काय झालं?"

"तीन जण होते. आ करायला लावलं. बघितलं, लिहिलं, जा म्हणाले." त्या खुर्चीत बसल्या. "नाव विचारलंच नाही गं कुणी. नुसता नंबर."

मग वल्लरीने कामाला सुरुवात केली. मी नंतर तिला विचारलं, हात थरथरला का? ती म्हणाली, "माहीत नाही, मावशी. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, दुखतंय का ते."

निकालाला पाच आठवडे लागले. त्यातल्या चौथ्या आठवड्यात ऋषीच्या कंपनीची लिस्ट निघाली आणि तिच्यात ऋषीचं नाव होतं. त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरून पावलांचा आवाजही येत नसे. वल्लरीने तळघरात मशीनचं दार ओढून बघणंही सोडून दिलं होतं. कपडे आत टाकून ती तिथेच बसून राही.

पाकीट आलं ते तिने उघडलं नाही. मला बरोबर घेतलं आणि नीलाताईंकडे गेली. नीलाताई पोळ्या करत होत्या, हात कणकेने भरलेले. वल्लरीने पाकीट ओट्यावर ठेवलं.

"हे काय?"

"निकाल."

नीलाताईंनी तव्यावरची पोळी काढली, तुपाचं बोट फिरवलं, डब्यात ठेवली. गॅस बंद केला. हात धुतले, पुसले, आणि ओट्यापासून दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. "उघड."

वल्लरीने कागद काढला आणि वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि कागद माझ्याकडे दिला. पास होती.

मी तसं म्हटलं, मोठ्याने. नीलाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी लांबूनच विचारलं,

"माझं नाव आहे का त्यात कुठे?"

मी कागद पालथा करून पाहिला. "नाही."

"बघा नीट."

मी नीट पाहिलं. वल्लरीनेही पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. "नाही, नीलाताई. कुठेच नाही."

"मग ठीक," नीलाताई म्हणाल्या, आणि पुढे येऊन त्यांनी वल्लरीला पोटाशी धरलं.